धर्माची आणि पोटची

आमच्या घरात सकाळी पहिला आवाज यायचा तो स्टोव्हला पंप मारण्याचा आणि दुसरा बाबांच्या प्रश्नाचा. बाबा मिशनचे मास्तर होते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गावोगाव फिरून आपल्या लोकांना प्रार्थना आणि धर्मशिक्षण शिकवणारे. जवळच्या गावांना ते सायकलवर जात, देवगाव रंगारीसारख्या लांबच्या गावाला जायचं असलं की एसटीच्या टपावर सायकल टाकत आणि स्टँडवर उतरून पुढच्या वस्त्या गाठत. घरी असले की त्यांचा सराव आमच्यावर चाले. आई भाकरी थापत असे, बाबा दाढीला साबण लावता लावता विचारत, ‘साक्रामेंत म्हणजे काय?’ मी आणि माझा धाकटा भाऊ विनू अंथरुणात बसूनच उत्तर देत असू : देवाच्या कृपेची डोळ्यांना दिसणारी खूण. किती? सात. मग बोटं मोजायची. एका हातावर बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर गुरुदीक्षा आणि शेजारच्या बोटावर लग्न. लग्नाशी आलं की विनू हसायचा आणि बाबा साबणाच्या हातानंच त्याचा कान धरायचे. शेवटचा प्रश्न कृपेचा असे. कृपा म्हणजे आपण न कमावता, आपली लायकी नसताना देवानं आपल्याला दिलेलं. ही व्याख्या मला पाठ होती आणि मुळीच आवडत नव्हती. लायकी नसताना कुणाला काही मिळावं, हे मला आजही खटकतं.

माझं नाव आग्नेस. घरी आगी म्हणत. नावातच आग, मग स्वभावात का नसावी, असं आमच्या शेजारच्या गोदाकाकू म्हणायच्या. आम्ही छावणीच्या अंगाला मिशनच्या खोल्यांमध्ये राहायचो, भिंतीपलीकडे काकूंचं घर. त्या मूळच्या चितेगावकडच्या, शेतीवाडीच्या घरातल्या, गळ्यात तुळशीची माळ. आमचा उपवासकाळ सुरू झाला की त्यांची थट्टा ठरलेली. शुक्रवारी मटण खायचं नाही, एवढाच आमचा उपास असं त्यांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मंग आमचं घर बाराही महिने उपाशीच हाय की.’ आईला हसू आवरेना. आई सिस्टरांच्या दवाखान्यात मदतनीस होती, तिच्या पदराला कायम फिनेलचा आणि येसराच्या आमटीचा असा मिळून एक वास यायचा. त्या खोल्या आता नाहीत. शहराचं नावही आता औरंगाबाद राहिलेलं नाही, पण मला अजून तोच वास आला की मी रस्त्यात थांबते.

संध्याकाळी जेवणाआधी रोजरी व्हायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : जपमाळेचे पाच भाग, प्रत्येक भागात येशूच्या आणि मरीयेच्या आयुष्यातलं एक रहस्य डोळ्यांपुढे आणायचं आणि दहा वेळा ‘नमो मरीया’ म्हणायचं. एकानं सुरुवात करायची, बाकीच्यांनी पुरी करायची. आम्ही माणसं चार आणि रहस्यं पाच. त्यामुळे पहिलं बाबांचं, दुसरं आईचं, तिसरं विनूचं, आणि चौथं व पाचवं माझं. विनूला त्याच्या एकाच रहस्यात तीनदा जांभई यायची, म्हणून उरलेलं मला. बुधवारी आणि रविवारी गौरवाची रहस्यं असत आणि त्यातलं पाचवं म्हणजे मरीयेला स्वर्गाची राणी म्हणून मुकुट घातला जातो ते. ते माझं. मी डोळे मिटून, आवाज चढवून म्हणायची, आणि मुकुट कुणाला घातला जातोय याबद्दल माझ्या मनात जरा गोंधळ असायचा. घरातली एकुलती एक मुलगी, शेवटचं रहस्य तिचं, दुधाच्या पातेल्याची खरवड तिची, आणि झोपताना आईच्या उजव्या कुशीची जागा तिची. मला आणखी काही नको होतं. त्यातलं कमी झालेलंही नको होतं.

मग रोजा आली. रोजाची गोष्ट माझ्या जन्माआधी सुरू होते, आणि तेच माझं पहिलं दुखणं. आई-बाबांचं लग्न नुकतंच झालेलं होतं तेव्हा देवगाव रंगारीला काही कुटुंबांचे बाप्तिस्मे होते. बाप्तिस्म्याला मुलाला एक धर्ममाता किंवा धर्मपिता लागतो, म्हणजे मुलाच्या वतीनं विश्वासाला होकार देणारं आणि पुढे त्या मुलाकडे लक्ष ठेवणारं मोठं माणूस. त्या वस्तीत स्वतःचं दृढीकरण झालेली, म्हणून धर्ममाता होऊ शकणारी बाई एकही नव्हती. मास्तरांबरोबर आलेली त्यांची नवी बायको तेवढी होती. तिच्या हातात एक तान्हं मूल दिलं गेलं, तिनं ते पाण्यावर धरलं, फादरांनी डोक्यावर पाणी ओतलं आणि माझी आई रोजाची धर्ममाता झाली. मी त्यानंतर वर्षानं जन्मले. म्हणजे माझी आई माझी होण्याआधी तिची झाली होती. हे मला समजलं तेव्हा मी किती लहान होते ते आठवत नाही, पण समजल्यावर मी जेवले नव्हते, हे आठवतं.

रोजाचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचे, त्यामुळे तिची शाळा दरवर्षी अर्धी बुडायची. आई एकदा बाबांबरोबर देवगावला गेली आणि येताना तिला घेऊनच आली. धर्ममाता म्हणवून घेतलं तर निभवायलाही पाहिजे, असं ती बाबांना म्हणाली. दारात उभी असलेली रोजा मला अजून दिसते. माझ्यापेक्षा टीचभर उंच, केसांना तेल चापून लावलेलं, हातात कापडी पिशवी, त्यात शेंगा. ती वाकली आणि आईला म्हणाली, ‘आई, मायनं शेंगा दिल्या.’ मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आई तिला दुरुस्त करेल, मावशी म्हण, काकू म्हण असं काहीतरी सांगेल. आईनं शेंगा घेतल्या.

खरी अडचण त्या शब्दात होती. खेड्यात आईला माय म्हणतात. रोजाची जन्म देणारी ती माय, त्यामुळे ‘आई’ हा शब्द तिच्याकडे मोकळाच पडलेला होता आणि तो तिनं माझ्या आईला लावून टाकला. तिच्याजवळ दोन शब्द होते, माझ्याजवळ एक, आणि त्या एकातही आता ती वाटेकरी. मी एकदा तिला म्हटलं की तू पण मायच म्हण ना, तर ती गोंधळून म्हणाली, ‘माय तर देवगावला हाय. आई हितं.’ तिच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. घरात दोघींनी एकदम ‘आई’ अशी हाक मारली की आई आधी तिच्याकडे बघायची. ती पाहुणी म्हणून, असं बाबा म्हणायचे. वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसाला कोणी पाहुणी म्हणत नाही, असं मी म्हणायची.

पहिल्याच रात्री रोजरीत पाचवं रहस्य तिला गेलं. माणसं पाच झाली, रहस्यं पाच, बाबांना फार आनंद झाला. ती म्हणताना अडखळायची, ‘कृपापूर्ण’ला ‘किरपापूर्ण’ म्हणायची, आणि बाबा तिला थांबवत नसत. मी ‘श’ला ‘स’ म्हटलं तरी मला पुन्हा म्हणायला लावणारे हेच बाबा. खरवडीचे दोन वाटे झाले. आईच्या उजव्या कुशीला मी आणि डाव्या कुशीला विनू होता, तिथे विनू बाबांकडे गेला आणि डावी बाजू रोजाला मिळाली. मी रात्रभर आईचा चेहरा माझ्याकडे वळवून ठेवायला बघायची. आई झोपेत उताणी व्हायची. त्यातून रोजाच्या भाकरी गोल. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टम्म फुगायची आणि आई विनूला हाक मारून दाखवायची. माझ्या भाकरीला बघून आई एवढंच म्हणायची की पोटात गेल्यावर सगळ्या सारख्याच. एखादीनं भांडकुदळ असावं, चोरटं असावं, निदान आळशी तरी असावं. रोजा यातलं काहीच नव्हती, आणि ज्याचा राग यावा असं काहीच जिच्यात नाही तिच्यावर राग धरायला किती मेहनत लागते, ते मलाच माहीत.

एक दिवस दवाखान्यातल्या कुणीतरी आईला विचारलं, या दोन्ही मुली तुमच्याच का. आई म्हणाली, ‘ही पोटची, आणि ती माझी धर्माची लेक.’ बाजूला उभी राहून मी ते ऐकलं. आमच्या घरात जे जे धर्माचं ते ते आधी असायचं. धर्माचं पुस्तक उंच फळीवर, पोटाचं पीठ खाली डब्यात. रविवारी आधी चर्चमधली मिस्सा, मग न्याहारी. धर्माच्या कामाला बाबा तापातही सायकल काढायचे, पोटाची कामं राहिली तर राहिली. मग धर्माची लेक वर आणि पोटची खाली, हे उघडच होतं. मी रडत रडत गोदाकाकूंकडे गेले आणि विचारलं की काकू, धर्माची म्हणजे काय? काकू गहू निवडत होत्या. त्यांना आमचा धर्मबिर्म कुठला माहीत. त्या म्हणाल्या, ‘धर्माची म्हंजी फुकट मिळालेली. धर्माच्या गाईचे दात मोजू नाय म्हनतेत.’ मला एकदम बरं वाटलं. मी घरी आले ती रोजाचे दात बघतच. दोन-चार दिवस मी तिला मनातल्या मनात फुकटची म्हणत होते. मग एका सकाळी कृपेची व्याख्या म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की कृपा म्हणजे तरी काय, फुकट मिळालेलंच. आणि बाबा म्हणतात त्याहून मोठं जगात काही नाही. म्हणजे पुन्हा तीच वर. काकूंचा उपयोग झाला नाही.

त्याच सुमारास बाबांनी दहा आज्ञांचे धडे घेतले. पहिल्या आज्ञेशी ते म्हणाले की देव ईर्ष्यावान आहे, त्याला आपल्या जागी दुसरं कुणी चालत नाही. मी तर ताडकन उठून बसले. दर शनिवारी कन्फेशनला गुडघे टेकून मी मत्सराचं पाप सांगत होते, फादर पाच ‘नमो मरीया’ म्हणायला लावत होते, आणि इकडे खुद्द देव तेच करत होता. मी बाबांना विचारलं, देवाला पण जळतं का? बाबांनी चष्मा काढून पुसला. ते चिडले नाहीत. ‘जळत नाय गं,’ ते म्हणाले, ‘ज्याच्यावर जीव हाय त्यात त्याला वाटा नको असतो.’ मी म्हटलं, मग मला तरी कुठे वाटा हवाय. बाबांनी आईकडे बघितलं, आईनं तव्याकडे. रोजा शेजारीच पाटी पुसत बसली होती, तिनं मान वर केली नाही. पुढच्या शनिवारी मी कन्फेशनमध्ये मत्सर सांगितला नाही. देवाला जमतं ते मला का सांगावं लागावं, असा माझा विचार होता. बाकीची पापं सांगितली, त्यांत एक भरीला म्हणून खोटं बोलल्याचंही सांगितलं.

आणि मग बातमी आली की बिशप येणार, आमचं दृढीकरण होणार. बाप्तिस्म्यात दुसऱ्यानं आपल्या वतीनं दिलेला होकार दृढीकरणात आपण स्वतः पक्का करायचा. बिशप कपाळावर पवित्र तेलानं क्रुसाची खूण करतात, पवित्र आत्म्याची मोहोर लावतात. त्या वेळी मुलाच्या मागे एक मोठं माणूस उभं राहतं, मुलाच्या उजव्या खांद्यावर आपला उजवा हात ठेवून. बाबांनी हे सांगितलं आणि मला वाट दिसली. दृढीकरणाला मी आईलाच मागे उभी करणार होते. मग मी पोटची तर होतेच, धर्माचीही झाले असते, आणि रोजा एका पायावर राहिली असती. अशी साधी युक्ती मोठ्यांना आजवर सुचली कशी नाही, याचंच मला नवल वाटलं.

धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर मी फादरांना गाठलं. फादर केरळचे, मराठी अगदी पुस्तकातली. ते म्हणाले, ‘बाळ, ते शक्य नाही. स्वतःच्या अपत्यासाठी आईवडील उभे राहू शकत नाहीत, असा नियम आहे.’ मी का म्हणून विचारलं. त्यांनी समजावलं की देव मुलाला विश्वासात आणखी एक माणूस देतो, म्हणून ते माणूस घराबाहेरचं. तुझी आई तर तुझी आहेच. माझ्यासाठी जालन्याची आत्या होती, बाप्तिस्म्याला तीच उभी राहिली होती. या वेळीही तीच बरी, असं ते म्हणाले. मग मी रोजाचं विचारलं. फादर हसले. तिची धर्ममाता घरातच आहे, ते तर उत्तमच, म्हणाले. मी चर्चच्या आवारातून चालत घरी आले आणि वाटेत जे जे झाड लागलं त्याचं पान तोडलं. नियम असा होता की माझी आई सगळ्या जगाच्या लेकींच्या खांद्यावर हात ठेवू शकत होती, फक्त माझ्या नाही. धर्माच्या बाबतीत मी फार प्रश्न विचारत नाही. पण हा नियम ज्यानं कुणी केला त्याला दोन मुली नसाव्यात, हे माझं मत आजही कायम आहे.

दृढीकरणाला एका संताचं नाव नव्यानं घ्यायचं असतं. मी सगळ्यांच्या आधी हात वर करून सांगून टाकलं : मार्था. आईचं नाव मार्था. खांदा नाही तर नाव तरी. ते रोजानं घेण्याआधी आपण घ्यायला हवं, एवढीच माझी घाई होती. रोजाला विचारलं तर ती खाली बघत म्हणाली, ‘आग्नेस.’ वर्गात सगळे हसले. बाबांनी तिला समजावून सांगितलं की संत पुष्कळ आहेत, घरात दोन आग्नेस होतील. तिनं नाव बदललं नाही. घरी आल्यावर मी आईला म्हटलं की हिनं माझा शब्द घेतला, रहस्य घेतलं, जागा घेतली, आता नाव पण घेतलं. उरलंय काय ते विचार तिला. आई पोळपाट धूत होती. ती म्हणाली की नावाचं काय, संत आग्नेसकडून मागूनच तुझं नाव ठेवलं ना. मला पटलं नाही. संताला कोण विचारतंय, ते नाव माझं होतं.

त्या दिवशी चर्च फुलून गेलं होतं. गावागावांहून ट्रॅक्टरमधून माणसं आली होती, बायका आवारातल्या नळावर पायावरची धूळ धूत होत्या, मागे मंडपात मोठ्या पातेल्यांमध्ये मटण शिजत होतं आणि त्याचा वास थेट वेदीपर्यंत येत होता. आम्ही पांढरे झगे घालून रांगेत उभ्या. रोजा माझ्या पुढे, कारण ती वयानं मोठी. रोजाच्या मागे आई. आईच्या मागे मी. माझ्या मागे कुणी नाही. जालन्याची आत्या आलीच नव्हती. तिची एसटी बदनापूरच्या पुढे बंद पडली होती, हे आम्हाला दुपारी कळलं. मी रांगेत उभी राहून दर थोड्या वेळानं दाराकडे बघायची आणि मग समोर आईच्या पाठीकडे. आईनं ठेवणीतली निळी साडी नेसली होती. हात लांब केला असता तर माझा हात तिच्या पाठीला लागला असता. तिचा उजवा हात रोजाच्या खांद्यावर होता.

रांग पुढे सरकली. आई एकदा मागे वळली, माझ्यामागची रिकामी जागा तिनं बघितली आणि तिचा चेहरा उतरला. तिनं कडेला उभ्या असलेल्या बाबांना डोळ्यांनी खुणावलं. बाबा लगबगीनं पहिल्या बाकांकडे गेले आणि मला ऐकू येईल अशा आवाजात एका बाईंना विचारू लागले की तुमचं दृढीकरण झालंय का. बाई म्हणाल्या, ‘व्हय मास्तर, लग्नाच्या आधीच झालंय.’ त्या करमाडच्या होत्या, त्यांचं नाव मला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. त्या आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड हात, भरपूर बांगड्या, नारळाच्या तेलाचा वास. बिचारीनं मला जराही इजा केली नाही, तरी मला तो हात झटकून टाकावासा वाटत होता. पुढे बिशपांसमोर रोजा पोचली होती. आईनं नाव सांगितलं, बिशपांनी अंगठा तेलात बुडवला आणि चर्चभर ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली, ‘आग्नेस.’

माझ्या नावानं हाक आली, आईचा हात खांद्यावर होता, कपाळावर मोहोर लागली, सगळं मला हवं होतं तसंच झालं, फक्त ते माझ्या अंगावर झालं नाही. ‘आमेन’ रोजानं म्हटलं. त्यानंतर मी पुढे झाले, करमाडच्या बाईंनी माझं नाव विसरून माझ्याच कानात विचारलं, मी मार्था म्हटलं, बिशपांनी मला तेल लावलं. पवित्र आत्म्याची सात दानं असतात, ज्ञान, समज, सल्ला, धैर्य, विद्या, भक्ती आणि देवाचं भय. ती त्या क्षणी माणसात उतरतात. माझ्यात काय उतरलं ते मी सांगू शकत नाही. मी जागेवर येऊन बसले तेव्हा मला रोजाचं तोंड बघवत नव्हतं, आईचंही नाही.

जेवणं झाली, पाहुण्यांच्या ताटल्या गोळा झाल्या आणि आम्हा दोघींना आवाराच्या मागच्या नळावर भांडी घासायला बसवलं. मी राख लावून द्यायची, ती विसळायची. ताटल्या निम्म्या झाल्या. मग माझ्या लक्षात आलं की ती रडते आहे. तिच्या कपाळावरचं तेल अजून चमकत होतं. जिला सगळं मिळालं तीच रडते, याचा मला इतका संताप आला की मी हातातली ताटली आपटली आणि म्हटलं, तुला आता काय झालं?

ती नाक पुसून म्हणाली, ‘आईचा हात लई थरथरत व्हता.’

मला कळेना. मी म्हटलं, कशाला?

‘तुझ्या मागं कुणी नव्हतं म्हनून. मी वळून बघितलं. बिशप मला तेल लावत व्हते तवाबी आई तुझ्याकडंच बघत व्हती.’ मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मला वाटलं व्हतं, आज तरी ती माझी असंल. तुझं नाव घेतलं तरी नाय झाली.’

मी खोटं लिहिणार नाही. त्या क्षणी मला तिची दया आली नाही. मला आनंद झाला, इतका की मला वाटलं हेच ते पवित्र आत्म्याचं दान, थोडं उशिरानं उतरलेलं. आई माझ्याकडे बघत होती. हात तिच्यावर, पण जीव माझ्यावर. मी ताटल्यांचा ढीग तिच्याकडे सरकवला आणि तिच्या तोंडून ते पुन्हा ऐकावं म्हणून विचारलं, ‘कसा गं थरथरत होता?’

‘असा,’ ती म्हणाली, आणि तिनं आपला ओला, राखेचा हात माझ्या खांद्यावर ठेवून बघितला. हात नुसताच पडून राहिला. तिनं तो हलवला, मग जरा दाबला. ‘असा नाय,’ ती म्हणाली. तिनं डोळे मिटून पुन्हा ठेवला, आणि पुन्हा मान हलवली. तिला ते येईना. पांढऱ्या झग्यावर तिच्या बोटांचे काळे डाग पडले आणि मी एकदम उठून उभी राहिले, कारण माझ्या लक्षात आलं होतं की आईचं ते थरथरणं माझं होतं आणि ते मिळालं होतं हिला.

आईला मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवलाही असता, पण तो तसा थरथरला नसता. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. रोजा चितेगावला असते, तिची मुलं तिकडच्या कारखान्यात आहेत. नाताळला ती येते, मी तिला फराळाचं देते, आम्ही दोघी, आता म्हाताऱ्याच, आईच्या आठवणी काढतो, आणि माझी नजर तिच्या उजव्या खांद्याकडे जाते. माझ्यासाठी थरथरलेला तो हात कसा होता, हे जगात एकट्या तिलाच माहीत आहे.